डावीकडची सीट

"वैनी, त्यांस्नी सांगा, मला हातोडा पायजे."

जयसिंग भावजी अंगणात उभे होते. मास्तर त्यांच्यापासून चार हातांवर, शेडच्या दारात पाटासमोर मांडी घालून बसले होते. आणि मी तुळशीपाशी, दोघांच्या मधोमध. मास्तर म्हणजे माझे यजमान. हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे, म्हणून सगळा कसबा बावडा त्यांना मास्तर म्हणायचा आणि मीही तेच म्हणू लागले होते. जयसिंग त्यांचे धाकटे भाऊ. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत कामाला होते.

खंडेनवमीची सकाळ होती. घरातली झाडून सगळी हत्यारं मास्तरांनी पहाटेच पाटावर मांडली होती. पाने, पक्कड, रंधा, करवत, माझा विळासुद्धा. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. अगदी पुढं तांब्याचा हातोडा. तो भावजींनी फाउंड्रीत स्वतःच्या हातानं ओतून घेतला होता.

"अहो, भावजींना हातोडा हवाय," मी म्हटलं.

"ऐकलं मी," मास्तर म्हणाले. "त्याला सांग, पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याशिवाय उठत नाही. आईच्या वेळेपासून तसंच आहे."

'आई' म्हटल्याबरोबर भावजींचा चेहरा पडला.

"वैनी, त्यांस्नी सांगा, चाकाचं काम राह्यलंय."

"सांग, उद्या कर."

भावजी वळले आणि आपल्या खोलीकडं गेले. मी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घातलं. माझा दिवस असा सुरू व्हायचा. एका घरात राहणाऱ्या दोन सख्ख्या भावांचा एकमेकांशी अबोला होता आणि त्यांच्यातली टपालवाली मी होते.

आता मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. परवा नातवानं मोबाइलवर तसल्याच एका गाडीचं चित्र दाखवलं आणि म्हणाला, "आजी, असली गाडी खरंच आपल्या घरात होती?" होती. एम.जी. म्हणायचे तिला. विलायती, उघडी, दोन सीटची, लांब नाकाची गाडी. एका साखर कारखान्याच्या जुन्या मॅनेजरच्या बंगल्यामागं कोंबड्या बसायच्या तिच्यात. दोघा भावांनी मिळून ती भंगाराच्या भावात घेतली आणि बैलगाडीवर लादून घरी आणली. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायचे, ओटीवर येऊन कपाळाला हात लावून म्हणाली, "माप ओलांडून सून आली, आता ही दुसरी आली व्हय?"

पण तिचाच जीव त्या गाडीवर जास्त जडला. गाडीचा आतला सांगाडा लाकडाचा होता आणि वाळवीनं तो पोखरून टाकला होता. मास्तरांनी सागवान आणून एकेक तुकडा जुन्यावरून आखून कापला. पत्रा, रंग आणि गाद्या त्यांच्याकडं. इंजिन, ब्रेक आणि चाकं भावजींकडं. अजून सीटही बसली नव्हती, तेव्हाच एकदा आत्याबाई लाकडाच्या पाटावर पोतं टाकून डाव्या बाजूला बसल्या. डोईवरचा पदर सावरत म्हणाल्या, "जोतिबाला न्या रं मला ह्यातनं. पयली मी बसणार. ह्या शशीला नंतर." शशी म्हणजे मी.

त्यांना दमा होता. गाडी पुरी व्हायच्या आत त्या गेल्या.

तेव्हा मी माहेरी गडहिंग्लजला होते आणि भावजी फाउंड्रीच्या शिक्षणासाठी दूर परगावी. तार मिळताच ते निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतात, तर पंचगंगेच्या घाटावर नुसती राख. मास्तर त्यांच्यासाठी थांबले नव्हते. "रात्रभर ठेवली असती आईला, तर काय बिघडलं असतं?" एवढंच भावजींनी विचारलं. मास्तरांनी उत्तर दिलं नाही. ना त्या दिवशी, ना नंतर. मीही एकदोनदा विचारलं. ते उठून शेडमध्ये जायचे आणि गाडीला पॉलिश करत बसायचे.

त्या दिवसापासून अबोला. भावजी माझ्या हातचं जेवायचे, पण ताट त्यांच्या खोलीत. वाटण्या झाल्या नाहीत, घर सोडून कुणी गेलं नाही. गाडीसुद्धा कुणी सोडली नाही. सकाळी शाळेच्या आधी मास्तर शेडमध्ये, संध्याकाळी कामावरून आले की भावजी. एकानं दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. निरोप माझ्याकडं.

"वैनी, त्यांस्नी सांगा, बॉनेट बसवायच्या आधी मला रेडिएटर बघायचाय."

"त्याला सांग, ग्रीसचे हात माझ्या गादीला पुसू नकोस."

शेजारचे पैलवान तात्या चव्हाण कुंपणावरून चेष्टा करायचे. "काय वो शशीवैनी, गाडीला शिटा दोन आन् भाऊ दोन. हिशोब बरोबर हाय की! बसत का न्हाईत?" मी हसायचे. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

गाडी हिरवीगार झाली होती, काळसर हिरवी. मास्तर रंगाच्या बाबतीत फार कडक. माशी बसली तरी तेवढा भाग घासून परत रंगवायचे. फक्त डाव्या दाराला एक ओघळ होता. रंग वरून खाली ओघळून वाळलेला, बोटभर लांब. बाकी गाडी तीनतीनदा रंगवली, पण त्या दाराला त्यांनी परत ब्रश लावला नाही. मी एकदा म्हटलं, "एवढं सुंदर केलंत, मग हे दार का असं?" म्हणाले, "राहू दे."

तर दसऱ्याच्या दिवशी जेवणं झाली. भावजी सकाळीच बाहेर गेले होते, कुठं ते सांगून गेले नव्हते. मी भांडी पालथी घालत होते तर मास्तर नवा सदरा घालून दारात आले.

"चल. साडी बदल."

"कुठं?"

"जोतिबाला. सीमोल्लंघन करू."

"गाडीनं?" मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "भावजींना विचारलंत?"

"माझी निम्मी आहे गाडी."

"निम्मी कुठली? डावी की उजवी?"

"उजवी. स्टेअरिंगची," मास्तर म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसले. ते हसले की मला नाही म्हणवत नसे.

तरी मी म्हटलं, "काल चाकाचं काम राहिलंय म्हणत होते भावजी."

मास्तर गाडीभोवती एक चक्कर मारून आले. चाकांच्या तारा आरशासारख्या चमकत होत्या. त्या चाकांना चार-पाच नट नसतात. मधोमध एकच मोठा नट, दोन कानांचा. त्या कानांवर हातोडा मारून तो आवळायचा. चारही नट जागेवर दिसत होते. "कालचा दिवस हातोडा मिळाला नाही म्हणून रुसलाय. आणखी काय काम असणार? पुसायचंच," ते म्हणाले आणि गाडीत बसले. पाटावरची हत्यारं तशीच होती. कालची झेंडूची फुलं सुकली होती.

खरं सांगते, पंचगंगेच्या पुलावर गाडी गेली तेव्हा मी सगळं विसरले. डोक्यावर छत नाही, समोर काच, दोन्ही बाजूंना ऊस आणि ऊन. पदर सांभाळता सांभाळता माझा जीव मेटाकुटीला आला होता. वडणग्याच्या फाट्यावर लोक आपट्याची पानं वाटत होते. एका म्हाताऱ्यानं चालत्या गाडीत माझ्या मांडीवर पानं टाकली. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा!" मास्तरांनी हात जोडले आणि मी ओरडले, "हात सोडू नका!"

केर्ली मागं पडली, आणि मग मला आवाज ऐकू येऊ लागला. माझ्या पाठीमागून, डावीकडून. टक्. थोडं थांबून परत टक्.

"काहीतरी वाजतंय."

"इतक्या वर्षांनी रस्त्यावर आलीय. वाजणारच."

चढ लागला. वळणावर आवाज टकटक असा जवळजवळ यायचा, सरळ रस्त्यावर कमी व्हायचा. डावीकडं दरी उघडत चालली होती. मी दाराची कड घट्ट धरली. माझी बोटं नेमकी त्या ओघळावर आली होती.

तेवढ्यात मागून फटफटीचा आवाज आणि हाक. "वैनी! ओ वैनी!"

मी वळून बघितलं. तात्या चव्हाणांची राजदूत आणि तिच्यावर भावजी. हँडलला झेंडूचा भला मोठा हार अडकवलेला, वाऱ्यानं त्याच्या पाकळ्या मागं उडत होत्या. पुढं टाकीवर एका हातानं दाबून धरलेला तांब्याचा हातोडा, हळदकुंकवासकट. सकाळी ते गाडीसाठी हार आणायला गेले होते हे मला तेव्हा कळलं. परत येऊन बघतात तर शेड मोकळी आणि हातोडा पाटावर. कुणाला विचारायला गेले नाहीत. आपला भाऊ ती गाडी घेऊन पहिल्यांदा कुठं जाणार, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

"वैनी! त्यांस्नी सांगा, थांबा म्हणावं!"

"अहो, थांबा! भावजी आलेत!"

मास्तरांनी आरशात बघितलं. त्यांचा जबडा घट्ट झाला. "आलाय सणाच्या दिवशी भांडायला," ते म्हणाले आणि गाडी आणखी पळवली.

टक्टक्टक्.

भावजींनी राजदूत उजवीकडून आणली. मास्तरांच्या अगदी शेजारी. हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. तरीही त्यांच्या डोक्यावरून ते माझ्याकडं बघून ओरडत होते. "वैनी, चाक! नट नुसता हातानं लावलाय, ठोकलेला न्हाई!" वारा, दोन इंजिनं, त्यात मला 'चाक' तेवढं कळलं. मी मास्तरांचा दंड धरून हलवला. "चाक म्हणतायत! थांबा!" मास्तर समोर बघत होते. त्यांना ऐकू येत होतं. मला शपथेवर सांगता येईल, त्यांना ऐकू येत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. चाकाची नव्हे, दुसरीच कसली तरी.

पुढं वाघबिळाचं वळण दिसायला लागलं.

आणि मग भावजींनी माझ्याकडं बघायचं सोडलं. मान वळवून थेट भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि जीव तोडून ओरडले, "अण्णा! आता तरी थांब की रे!"

मास्तरांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी डावीकडं खेचली गेली, खडीवर घासत गेली आणि कडेच्या पांढऱ्या दगडाला नाक टेकून उभी राहिली. माझी बाजू मागून खाली कलली होती.

मी दार उघडून उतरले. मागचं डावं चाक आपल्या जागेवरून वीतभर बाहेर आलं होतं आणि मडगार्डला टेकून कसंबसं उभं होतं. मधला नट नव्हताच. दगडाच्या पलीकडं खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

भावजी चाकापाशी उकिडवे बसले होते. मग म्हणाले, "वैनी, त्यांस्नी सांगा, नट मागं कुठंतरी पडला आसंल. हुडकायला पायजे."

"त्याला सांग, मी बघतो," मास्तर म्हणाले आणि रस्त्यानं मागं चालत गेले.

मी त्या पांढऱ्या दगडावर बसून राहिले. आत्ता आपण तिघंही मेलो असतो, आणि वर गेल्यावरसुद्धा आत्याबाईंसमोर हे दोघं माझ्याच तोंडानं बोलले असते. मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. भावजींनी खिशातला रुमाल काढला, त्याला ग्रीस लागलेलं बघून परत खिशात घातला.

मास्तर नट घेऊन आले. धुळीनं माखलेला, एक कान वाकलेला. तो हातात धरून उभे राहिले, दिला नाही.

भावजी खालीच बघत होते. "वैनी, त्यांस्नी इचारा, मी एवढा बोंबलत हुतो, ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं," मास्तर म्हणाले.

"मग?"

ते 'मग' थेट गेलं. माझ्यावरून नाही गेलं. मास्तरांनी मात्र माझ्याकडं बघितलं. त्यांना तेवढाच रस्ता ठाऊक होता.

"त्याला सांग," ते म्हणाले, "हाक ऐकू येऊनही मी यापूर्वी एकदा असाच गेलो नाही."

त्यांनी नट या हातातून त्या हातात घेतला.

"आई गेली त्या दिवशी मी शेडमध्ये होतो. ह्या दाराला शेवटचा हात देत होतो. आतून तिनं हाक मारली. माझं घरचं नाव घेऊन, 'रंगा' म्हणून. मी म्हटलं, थांब जरा, येतो, रंग वाळेल. परत हाक आली नाही. मला वाटलं, डोळा लागला असेल. दार पुरं केलं. ब्रश धुतला. हात धुतले." ते थांबले. "मग गेलो."

वरून एक एसटी हॉर्न वाजवत उतरली. आतल्या लोकांनी आम्हाला बघून हात हलवले. आम्ही कुणीच हलवला नाही.

"सांग त्याला. तार केली आणि मग माझ्या लक्षात आलं, हा येणार. आल्याबरोबर विचारणार, शेवटी काय म्हणाली आई, जवळ कोण होतं. आईला समोर ठेवून मला विचारणार. मला ते झेपलं नसतं. म्हणून उरकून टाकलं." त्यांचा आवाज ओढल्यासारखा येत होता. "सांग की गं त्याला."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "समोर उभे आहेत ते."

मी माहेरी होते तेव्हाची ही गोष्ट. माझ्या अंथरुणाला अंथरूण लावून झोपणाऱ्या माणसानं हे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं आणि मला वास लागला नव्हता. मी रोज त्यांचे निरोप पोचवत होते, आणि जो एकच पोचवायचा होता तो त्यांनी कधी माझ्या हातात दिलाच नव्हता.

भावजी उठले. दारापाशी गेले. त्या ओघळावर अंगठा ठेवला आणि वरून खाली नेला, अगदी सावकाश. त्यांच्या तोंडावरून मला काही कळेना. आता ते हातोडा उचलून त्या दारावर घालतात की काय, असं मला वाटून गेलं.

त्यांनी मास्तरांच्या हातातून नट घेतला. चाक रेटून आत बसवलं, नट फिरवला, आणि हातोडा मारला. ठण्. ठण्. हातोड्यावरचं कुंकू उडून रस्त्यावर पडत होतं. वाकलेल्या कानाला त्यांनी दोन घाव जास्त दिले. मग उरलेली तिन्ही चाकं ठोकली. दरी तो आवाज परत पाठवत होती. घाम पुसून ते माझ्याकडं वळले.

"बसा वैनी. मी मागनं येतो. सावकाश चालवा म्हणावं."

म्हणजे परत तेच. पुन्हा मी मधे. उद्यापासून परत सकाळी तुळशीपाशी उभी. बोलून झालं होतं, सगळं बाहेर पडलं होतं, आणि तरी काहीच हललं नव्हतं.

"मी नाही बसत," मी म्हटलं.

"का?" दोघांनी एकदमच विचारलं.

"ती सीट आत्याबाईंची होती. त्यांना जोतिबाला जायचं होतं. त्यांच्या जागी त्यांचा लेक बसेल, सून कशाला?" माझं मला नवल वाटत होतं. दिरासमोर मान वर न करणारी मी नव्हते, पण नवऱ्यासमोर इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "भावजी, तुम्ही बसा."

"आन् तात्याची फटफटी?"

"मी राखते."

"हितं? एकट्या?"

"वाघबिळात आता वाघ उरलाय होय? समोर चहाची टपरी आहे. जावा."

मास्तर जाऊन स्टेअरिंगमागं बसले. भावजी बराच वेळ दार धरून उभे होते. मग राजदूतच्या हँडलवरचा उरलासुरला हार काढून त्यांनी गाडीच्या नाकावर घातला आणि डावीकडच्या सीटवर बसले. दोघांचे खांदे एकमेकांना लागत होते. गाडी तेवढीच होती, अंग चोरून बसायला जागाच नव्हती तिच्यात. समोर बघत दोघं निघून गेले.

मी टपरीवाल्याच्या बाकावर बसले. त्यानं न मागता चहा दिला आणि विचारलं, "तुमचं मालक तुमाला सोडून गेलं काय वो बाई?" मी म्हटलं, "हो." त्यावर त्यानं आणखी विचारलं नाही. ऊन कलायला लागलं. राजदूतची सावली रस्ता ओलांडून दगडापर्यंत गेली. मनात नाही नाही ते येत होतं. वर घाट आहे. दोघंच आहेत. एकाच्या पोटात इतक्या वर्षांचा राग, दुसऱ्याच्या पोटात त्याहून वाईट. आपण त्यांना एकत्र बसवलं हे शहाणपण केलं की आणखी काही, हे मला कळत नव्हतं. वरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला मी उठून उभी राहत होते.

मग वरच्या वळणामागून त्या इंजिनाचा आवाज आला. मी कान दिला. टकटक नव्हतं.

पण दुसरं काहीतरी होतं. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. गाडी अजून दिसत नव्हती, पण उघड्या गाडीतून आवाज स्पष्ट येत होते, दोन पुरुषांचे, दोन्ही चढलेले. एक म्हणत होता, "तू ऐकून तरी घेशील का!" आणि दुसरा त्याच्या वर ओरडत होता, "तूच ऐक आधी, अण्णा! ऐक!"

टपरीवाला घाबरून बाहेर आला. "भांडायलेत वो बाई!"

"हो," मी म्हटलं, आणि त्या पांढऱ्या दगडावर जाऊन बसले. "एकमेकांशी भांडतायत."